प्रतिमा, प्रतिष्ठा आणि पत्रकार : बाळासाहेब ठाकरे यांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

सारांश

एकतंत्री पद्धतीने पक्ष चालविणाऱ्या नेत्याच्या प्रतिष्ठेविषयी वाद होतो, तेव्हा त्याच्या गुणदोषांची यादी मांडून निष्कर्ष काढण्याची पद्धत रूढ आहे. ही यादी ज्या लेखनातून तयार होते, ते लेखन कोणत्या परिस्थितीत झाले याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रतिमेची चिकित्सा मुंबई उपनगरांतील काही घटनांच्या आधारे केली आहे. गौरवपर प्रतिमा निर्धोकपणे प्रसृत होत राहिली आणि टीकापर प्रतिमेसाठी पत्रकारांना किंमत मोजावी लागली. ही विषमता स्वतःच मूल्यमापनाचा पुरावा ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रतिमा, एकतंत्री नेतृत्व, पत्रकारिता, व्यंगचित्र, मुंबई उपनगर.

प्रस्तावना

बाळ केशव ठाकरे यांचा जन्म २३ जानेवारी १९२६ रोजी झाला आणि १७ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. कोणतेही शासकीय पद कधीही न भूषविलेल्या या नेत्याला शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. मुंबई-नागपूर या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला, तसेच जोगेश्वरी पूर्वेच्या महापालिकेच्या ट्रॉमा केअर रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यानंतर दोन्ही गटांनी त्यांच्याच वारशावर हक्क सांगितला. म्हणजे त्यांची प्रतिष्ठा हा आज केवळ इतिहासाचा विषय उरलेला नाही. ती एक राजकीय मालमत्ता झाली आहे. मालमत्तेच्या वादात दोन्ही पक्षकारांना तिचे मोल वाढलेलेच हवे असते. अशा वेळी निःपक्ष मूल्यमापनाची जबाबदारी अभ्यासकांवर अधिक येते.

या विषयाचा उपनगरांशी असलेला संबंध वरवरचा नाही. ठाकरे यांचे 'मातोश्री' हे निवासस्थान वांद्रे पूर्वेच्या कलानगरात, म्हणजे उपनगर जिल्ह्यात आहे. त्यांच्या मताधिकारावर निर्बंध आणणारा खटला विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीतून उद्भवला. त्यांच्यावरील टीकेमुळे एका वृत्तवाहिनीच्या विक्रोळीतील कार्यालयावर हल्ला झाला. पत्रकारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आणणारी हत्या पवईत घडली. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांवर विखुरलेल्या या घटना एकत्र वाचल्या म्हणजे प्रतिष्ठा आणि भय यांचे नाते स्पष्ट होऊ लागते.

'हुकूमशहा' या संज्ञेच्या मर्यादा

ठाकरे यांना 'हुकूमशहा' म्हणणे ही त्यांच्या टीकाकारांची सवय होती आणि खुद्द ठाकरे यांनाही तिचे वावडे नव्हते. त्यांनी १९७५ च्या आणीबाणीला उघड पाठिंबा दिला. हिटलरविषयी त्यांनी मुलाखतींतून कौतुकाचे उद्गार काढले. लोकशाहीची थट्टा करून 'ठोकशाही'चा पुरस्कार ते जाहीरपणे करीत. पक्षांतर्गत निवडणुकांपेक्षा शिवसेनाप्रमुखांच्या आदेशाला महत्त्व होते. १९९५ ते १९९९ या काळात राज्यात युतीचे सरकार असताना त्यांनी स्वतःच्या स्थानासाठी 'रिमोट कंट्रोल' ही उपमा वापरली.

तथापि या संज्ञेने फारसे काही उलगडत नाही. हुकूमशहाच्या हाती राज्ययंत्रणा असते. ठाकरे यांच्याकडे पद नव्हते. ते निवडणुकीस कधी उभे राहिले नाहीत आणि त्यांच्या पक्षाने अनेक निवडणुका गमावल्याही. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेला मुंबईत जे बळ मिळाले, ते केवळ धाकाने मिळाले असे म्हणणे म्हणजे लक्षावधी मतदारांना अजाण ठरविणे होय. मेरी कॅट्झेनस्टाइन यांनी १९७९ मध्ये आणि दीपंकर गुप्ता यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी मराठी तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न गांभीर्याने घेतला होता. पुढे थॉमस ब्लोम हॅन्सन (२००१) आणि जुलिया एकर्ट (२००३) यांनी शाखा, थेट कृती आणि हिंसा यांतून उभ्या राहणाऱ्या सत्तेचा शोध घेतला. मराठीत प्रकाश अकोलकर यांनी १९९८ मध्ये पत्रकाराच्या नजरेने शिवसेनेचा इतिहास लिहिला. या साऱ्या लेखनाचा रोख एका प्रश्नाकडे आहे : पदाविना सत्ता कशी चालते?

या प्रश्नाच्या उत्तरात प्रतिमेला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते. पदावरील नेत्याची सत्ता हुकूमनाम्यावरील शिक्क्यात असते; पद नसलेल्या नेत्याची सत्ता त्याच्याविषयी लोकांच्या मनात असलेल्या चित्रात असते. ते चित्र डागाळले तर सत्ताच उणावते. त्यामुळे अशा नेत्याच्या अनुयायांना बातमी, अग्रलेख किंवा व्यंगचित्र ही साधी मतभिन्नता वाटत नाही. ती सत्तेवरची चाल वाटते. पत्रकाराला असणाऱ्या धोक्याचे मूळ येथे आहे.

कलाकृतींतील प्रतिमा : कोणाला वाट मिळाली?

ठाकरे यांच्या प्रतिमेवर आधारलेल्या कलाकृतींचा प्रवास पाहिला तर एक ठळक विषमता नजरेत भरते. १९९५ साली मणिरत्नम यांचा 'बॉम्बे' हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी ठाकरे यांना दाखविण्यात आला. ते त्या वेळी कोणत्याही परीक्षण मंडळाचे सदस्य नव्हते. त्यांच्याशी साधर्म्य असलेल्या पात्राला दंगलीविषयी पश्चात्ताप होताना दाखविले आहे, यावर त्यांचा आक्षेप होता. टीकेपेक्षा पश्चात्ताप अधिक झोंबावा ही बाब बोलकी आहे. कणखरपणावर उभारलेल्या प्रतिमेला दोषारोप पेलतो. हळवेपणा मात्र पेलत नाही. त्याच वर्षी सलमान रश्दी यांची 'द मूर्स लास्ट साय' ही कादंबरी आली. तिच्यातील रामन फील्डिंग या पात्रातून ठाकरे यांचे विडंबन केलेले वाचकांनी ओळखले आणि वितरकाने हे पुस्तक महाराष्ट्रात पाठविणे टाळले. शासनाने तेथे बंदी घातली नव्हती. बंदीचा आदेश न निघताही पुस्तक दुकानात पोहोचले नाही.

याउलट २००५ मध्ये आलेल्या राम गोपाल वर्मा यांच्या 'सरकार' या चित्रपटाला अशी कोणतीही अडचण आली नाही. अमिताभ बच्चन यांनी साकारलेला सुभाष नागरे हा न्यायालयाबाहेर न्याय देणारा पुरुष आहे. अत्याचारित मुलीचा बाप त्याच्या दारी येतो आणि गुन्हेगाराला परस्पर शासन होते. चित्रपटाची पकड निर्विवाद आहे. परंतु कायद्याबाहेरची शिक्षा केवळ दोषी माणसालाच होते, या गृहीतकावर ती उभी आहे. चुकीच्या माणसाला मार बसला तर काय, हा प्रश्न पटकथेत उद्भवतच नाही. २५ जानेवारी २०१९ रोजी प्रदर्शित झालेला अभिजित पानसे दिग्दर्शित 'ठाकरे' हा चित्रपट तर पक्षाच्याच वर्तुळातून आला. त्याची कथा 'सामना'चे कार्यकारी संपादक संजय राऊत यांची होती. नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्या अभिनयाने चित्रपटाला वजन आले, पण त्याची दृष्टी गौरवपर चरित्राचीच राहिली.

चारही कलाकृती एकाच व्यक्तीभोवती फिरतात. ज्या दोन कृतींनी तिला भव्य केले त्या सुखरूप लोकांपर्यंत पोहोचल्या. ज्या दोन कृतींनी तिला प्रश्न विचारला त्यांना परवानगीची किंवा टाळाटाळीची वाट तुडवावी लागली. पुढील पिढीच्या विद्यार्थ्याला सहज उपलब्ध होणारे चित्र कोणते असेल, हे यावरून ताडता येते.

पार्ले आणि विक्रोळी

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले. धर्माच्या नावावर मते मागितल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ही निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. प्रचारसभांतील ठाकरे यांची भाषणे या खटल्यातील मुख्य पुरावा होती. याच निकालाच्या परिणामी त्यांचा मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा अधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. १९९९ मध्ये निघालेला तो आदेश डिसेंबर २००१ पर्यंत लागू राहिला.

हा निकाल एका कारणासाठी विशेष महत्त्वाचा आहे. ठाकरे यांच्याविषयीच्या बहुतेक गंभीर आरोपांचा न्यायालयीन शेवट झालेला नाही. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात शिवसेना व तिच्या नेतृत्वावर ठपका ठेवला; जानेवारी १९९३ मधील हल्ल्यांचे सूत्रचालन ठाकरे यांनी केले, असा त्याचा निष्कर्ष होता. तत्कालीन युती सरकारने तो स्वीकारला नाही. 'सामना'तील अग्रलेखांबाबत कारवाईची मागणी करणारी याचिका उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळली. जुलै २००० मध्ये ठाकरे यांना अटक झाली. परंतु मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण त्याच दिवशी निकाली काढले. आयोगाचा अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे, हे समर्थकांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. मुदतीच्या मुद्द्यावर झालेली सुटका म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हे टीकाकारांचे म्हणणेही तितकेच बरोबर आहे. न्यायालयात जेथे निवाडा झाला नाही, तेथे समकालीन वृत्तपत्रीय नोंद हाच मुख्य आधार उरतो. ती नोंद करणाऱ्यांची अवस्था काय होती, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

त्याचे एक उत्तर विक्रोळीत मिळते. नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबई सर्व भारतीयांची आहे असे सचिन तेंडुलकर यांनी म्हटले. ठाकरे यांनी 'सामना'तून त्यांना सुनावले. या भूमिकेवर 'आयबीएन लोकमत' वाहिनीने टीका केली. २० नोव्हेंबर २००९ रोजी शिवसैनिकांनी वाहिनीच्या विक्रोळी येथील कार्यालयात घुसून तोडफोड व मारहाण केली; पुण्यातील कार्यालयही त्यांच्या तावडीतून सुटले नाही. वाहिनीचे संपादक निखिल वागळे यांना हा अनुभव नवा नव्हता. त्यांच्या 'आपलं महानगर' या सायंदैनिकावर १९९१ मध्येच हल्ला झाला होता. दोन घटनांमध्ये अठरा वर्षांचे अंतर आहे. या काळात शहराचे नाव बदलले, सायंदैनिकांचा जमाना सरून वाहिन्यांचा आला, पक्ष सत्तेवर येऊन गेला. टीकेला उत्तर देण्याची रीत तेवढी तशीच राहिली.

यातील सर्वांत मोठा विरोधाभास व्यंगचित्राचा आहे. ठाकरे यांची कारकीर्द 'फ्री प्रेस जर्नल'मधील व्यंगचित्रकार म्हणून घडली. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी 'मार्मिक' हे साप्ताहिक काढले आणि सत्ताधाऱ्यांच्या फिरक्या घेत घेतच वाचक जमविला. १९८८ मध्ये त्यांनी 'सामना' हे दैनिक सुरू केले. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने व्यंगचित्रकाराचा समावेश पत्रकाराच्या व्याख्येत केला होता. म्हणजे ठाकरे हे या अर्थाने पत्रकारच होते आणि अभिव्यक्तीच्या मोकळिकीचे ते लाभार्थी होते. ऑगस्ट २००७ मध्ये 'आउटलुक' साप्ताहिकाने त्यांचे हिटलरसदृश व्यंगचित्र छापले, तेव्हा त्याच्या मुंबई कार्यालयाची मोडतोड झाली. ज्या तुलनेचे त्यांना स्वतःला वावडे नव्हते, ती दुसऱ्याच्या कुंचल्यातून उतरताच असह्य ठरली. एका व्यंगचित्रकाराच्या अनुयायांनी व्यंगचित्रासाठी हल्ला करावा, ही घटना त्यांच्या वारशाच्या कोणत्याही ताळेबंदात नोंदली गेली पाहिजे.

धोक्यांचे निरनिराळे प्रकार

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पत्रकारांवरील प्रत्येक संकट एकाच नेत्याच्या किंवा पक्षाच्या माथी मारणे हे चिकित्सेचे लक्षण नव्हे. ११ जून २०११ रोजी पवईत 'मिड-डे'चे शोधपत्रकार ज्योतिर्मय डे यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हा गुन्हा संघटित गुन्हेगारीचा होता. २ मे २०१८ रोजी विशेष न्यायालयाने छोटा राजन याच्यासह नऊ जणांना जन्मठेप सुनावली. याच खटल्यात पत्रकार जिग्ना व्होरा यांना आरोपी करण्यात आले होते. त्या निर्दोष सुटल्या आणि उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती सुटका कायम ठेवली. म्हणजे एकाच प्रकरणात एका पत्रकाराचा बळी गेला आणि दुसरीला तुरुंगवास व बदनामी सोसावी लागली.

दुसरा धोका कायद्याच्याच हाताने येतो. ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मजकूर लिहिला, दुसरीने तो पसंत केला आणि दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची तोडफोडही झाली. दोघी पत्रकार नव्हत्या. पण नेत्याच्या प्रतिमेभोवतीचे भय केवळ संपादकांपुरते मर्यादित राहत नाही, हे या घटनेने दाखविले. पुढे प्रकरण बंद करण्यात आले, संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले.

तिसरा धोका झुंडीचा आहे आणि तो आता कोणा एका पक्षाची मिरासदारी राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात 'निर्भय बनो' सभेला जाताना निखिल वागळे यांच्या मोटारीवर हल्ला झाला. या वेळी आरोप भारतीय जनता पक्षाच्या कार्यकर्त्यांवर होता आणि निमित्त वेगळ्या नेत्यांवरील टिप्पणीचे होते. मुंबईबाहेरच्या, नामवंत नसलेल्या वार्ताहराची स्थिती याहून बिकट असते. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडले. प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयी त्यांनी बातमी दिली होती. त्याच व्यक्तीला हत्येच्या आरोपावरून अटक झाली.

या प्रकारांत कर्ते वेगळे, हेतू वेगळे आणि तीव्रताही वेगळी आहे. तरीही लिहिणाऱ्याच्या मनावर होणारा त्यांचा परिणाम एकत्रित असतो. रात्री मजकूर छपाईला पाठविताना उपसंपादक धोक्यांची वर्गवारी करीत बसत नाही. तो एखादे विशेषण काढून टाकतो. असे गाळलेले शब्द कोणत्याही संग्रहात सापडत नाहीत.

कायद्याचे संरक्षण

पत्रकार हल्ला विरोधी कृती समितीने एस. एम. देशमुख यांच्या पुढाकाराने दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने प्रसारमाध्यमांतील व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचारास प्रतिबंध करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये ते अधिनियम म्हणून प्रसिद्ध झाले. हल्लेखोरास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानभरपाईची तरतूद त्यात आहे. अशा स्वरूपाचा कायदा करण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला, हे नमूद केले पाहिजे.

तथापि हा कायदा हल्ला झाल्यानंतर कार्यान्वित होतो. शिवाय त्याची व्याख्या नोकरीतील पत्रकाराभोवती बांधलेली आहे. स्वतंत्रपणे लिहिणारा स्तंभलेखक किंवा पालघरच्या तरुणींसारखा सामान्य नागरिक तिच्या कक्षेत बसत नाही. सर्वांत मोठी उणीव मात्र कायद्याबाहेरची आहे. हल्ल्यानंतर 'ही उत्स्फूर्त प्रतिक्रिया होती' असे म्हणण्याची मुभा समाज जोवर नेतृत्वाला देतो, तोवर कलमांचा धाक मर्यादितच राहणार. 'उत्स्फूर्त' हा शब्द हल्लेखोराला निष्पाप ठरवितो आणि नेत्याला अलिप्त ठेवतो.

समारोप

ठाकरे यांच्या मूल्यमापनात समर्थक नोकऱ्या, मराठी अस्मिता, शाखांतून मिळालेली मदत आणि सामान्य घरांतील कार्यकर्त्यांना मिळालेली पदे यांचा दाखला देतात. टीकाकार दंगली, झुंडशाही आणि परप्रांतीय व अल्पसंख्याक यांच्याविषयीचा द्वेष पुढे करतात. दोन्ही याद्यांत तथ्य आहे आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून उत्तर निघत नाही. कारण दोन्ही याद्या सारख्या परिस्थितीत लिहिल्या गेलेल्या नाहीत. पहिली लिहिणाऱ्याला सभागृहात सत्कार मिळू शकत होता. दुसरी लिहिणाऱ्याला कार्यालयाच्या काचा पुन्हा बसवाव्या लागत होत्या.

म्हणून अशा नेत्याचे चरित्र अभ्यासताना आणखी तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. विशिष्ट लेखन कोणत्या वर्षी, कोठे आणि कोणाच्या सत्ताकाळात प्रसिद्ध झाले? ते लिहिल्यामुळे लेखकाला काय लाभले किंवा काय सोसावे लागले? आणि त्या काळात मुंबईत छापता न आलेला मजकूर इतरत्र छापला गेला काय? महाविद्यालयीन ग्रंथालयांत गौरवग्रंथ जपले जातात. सायंदैनिकांचे अंक मात्र क्वचितच बांधणी करून ठेवले जातात. ही उपेक्षा अशीच राहिली तर हल्लेखोरांना जे साधले नाही ते वाळवी साधेल आणि शोधप्रबंधांत एकच बाजू पुराव्यानिशी उभी राहील.

प्रतिष्ठेची परीक्षा प्रतिप्रश्नाने होते. ज्या प्रतिमेला प्रश्न विचारणे निर्धोक नव्हते, ती परीक्षेत उत्तीर्ण झाली असे म्हणता येत नाही. तिची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. ती घेण्याचे स्वातंत्र्य 'मार्मिक'च्या तरुण व्यंगचित्रकाराला १९६० साली मिळाले होते. तेच स्वातंत्र्य आजच्या उपनगरी वार्ताहराला मिळते की नाही, यावर ठाकरे यांच्या वारशाचे अंतिम मूल्यमापन अवलंबून राहील.